हाजिरीची कुबडी

“ही कुबडी सकाळधरून तिसऱ्यांदा आत येऊन राह्यली,” पेशकार चपराशाला हळूच म्हणाला.

ऐकू जाईल इतक्या जवळ कोणी नाही असं त्याला वाटलं असावं. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. लोकांच्या कडेला मी अशी उभी राहते की थोड्या वेळानं ते मला मोजतच नाहीत. चपराशानं कुबडीकडे पाहिलं. मीही पाहिलं. काखेत येणाऱ्या आडव्या दांड्याला हिरव्या चोळखणाची चिंधी गुंडाळलेली होती, घामानं मध्यभागी काळी पडलेली. ती चिंधी त्या दिवशी आधीच दोन माणसांच्या काखेतून कचेरीत येऊन गेली होती. आता ती माझ्या वडलांच्या काखेत होती.

वडलांना मी दादा म्हणते. ते पेशकाराच्या मेजासमोर उभे होते, आणि त्यांना काही ऐकू गेलं नव्हतं.

गेल्या दिवाळीला या गोष्टीला पाच वर्षं झाली. जालन्याची ती कचेरी, तो दिवस आणि ती कुबडी हे सगळं आता आमच्या घरात हसण्याचं झालं आहे. त्या दिवशी हसण्यासारखं काही नव्हतं. त्या खोलीत आमचा वजीफा जायचा होता किंवा राहायचा होता.

दादा मोजणी खात्यात होते. साखळी आणि झेंड्या घेऊन गावोगावची रानं मोजायची आणि कागदावर उतरवायची, हे त्यांचं काम. मी बारा वर्षांची असताना अंबड तालुक्यातल्या एका रानात, समोरची झेंडी ओळीत आली का ते पाहत ते मागे मागे सरकत गेले आणि कठडा नसलेल्या कोरड्या विहिरीत पडले. जीव वाचला. उजवा पाय जुळून आला, पण गुडघ्यात कायमचा ताठ झाला. ते बाजेवर बसले की तो पाय समोर आडवा पसरलेला असे, आणि घरात ये-जा करताना तो ओलांडावा लागे. डॉक्टरांनी त्यांना सरकारी नोकरीला नाकाबिल ठरवलं. खात्यानं मोकळं केलं आणि जखमेचा वजीफा बांधून दिला. दर महिन्याला तो यायचा. आमच्या घरातली ज्वारी त्यावर भरली जायची, आणि माझ्या शाळेची फीसुद्धा.

वजीफ्याची एकच अट आम्हाला ठाऊक होती. वर्षातून एकदा, आजूर महिन्यात, स्वतः तहसील कचेरीत उभं राहायचं. निजाम सरकारचं वर्ष आजूरला सुरू होतं, म्हणजे दसरा-दिवाळीच्या आगेमागे. याला सगळे हाजिरी म्हणत. पेशकार, म्हणजे तहसीलदारांचा कारकून, समोरचा माणूस डोळ्यांनी पाहायचा, वहीत ‘हालत बदस्तूर’ असं लिहायचा, म्हणजे स्थिती पूर्वीसारखीच, आणि सही किंवा अंगठा घ्यायचा. झालं.

पण हाजिरीला जायचं कसं, याची जालन्यात एक रीत पडून गेली होती. आठ दिवस आधीपासून दाढी करायची नाही. धुतलेले कपडे घालायचे नाहीत. घरून चालत आलेला माणूससुद्धा कचेरीच्या कोपऱ्यापासून टांग्यात बसायचा. दादा पहिल्या हाजिरीला गेले ते इस्त्रीचा कोट घालून, हातात साधी काठी घेऊन. कचेरीच्या आवारात, लिंबाच्या झाडाखाली, आणखी काही वजीफेवाले बसलेले होते. त्यांत पोलिसातला एक जुना जवान होता. त्याची डाव्या पायाची बोटं गेलेली होती. त्याला मी पुढे चाचा म्हणू लागले. त्यानं दादांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “हाजिरी को आए क्या बारात को?”

सगळे हसले. दादाही हसले, पण घरी आल्यावर त्यांनी तो कोट पेटीत ठेवला.

कुबडी होती टपाल खात्यातल्या एका म्हाताऱ्या हरकाऱ्याची. त्याचा खुबा मोडलेला होता, आणि त्या सगळ्यांत कुबडी खरोखर लागणारा तो एकटाच. त्याची हाजिरी झाली की तो झाडाखाली येऊन बसे आणि कुबडी पुढच्याला देई. मोबदल्यात तंबाखूची पुडी घेई. हरकारा बुटका होता आणि दादा चांगले उंच, त्यामुळे ती कुबडी लावली की दादा कमरेत मोडल्यासारखे एका बाजूला झुकत. चाचा म्हणायचा की इतका चांगला लंगडा या तालुक्यात दुसरा नाही.

पहिली दोन वर्षं दादा घरात बसून होते. ती वर्षं मला फारशी आठवायला आवडत नाहीत. ते रागावायचे नाहीत, काही मागायचे नाहीत. सकाळी बाजेवर बसायचे आणि समोरच्या भिंतीवरचं ऊन कुठून कुठे जातं ते पाहत राहायचे. मी मिशनच्या इंग्रजी शाळेत जायचे. तिथे मडम माझ्या वाचनाचं कौतुक करायच्या आणि मी बोलत नाही म्हणून चिंता करायच्या. घरी इंग्रजीत बोलायला कोणी नव्हतं आणि शाळेत आमच्या घरच्यासारखं बोललं तर मुली हसायच्या, म्हणून मी दोन्हीकडे कमीच बोलायला शिकले. दादा आणि मी संध्याकाळी बाजेच्या दोन टोकांना बसायचो. आमच्या घरात ती सर्वांत शांत जागा होती.

मग बदनापूरकडचा एक शेतकरी आला. त्याच्या रानाची हद्द दादांनी कधी काळी मोजली होती. त्याला मोसंबीची बाग लावायची होती. त्या वर्षांत आमच्याकडे मोसंबीचं वेड पसरायला लागलं होतं. शेतकऱ्याचं म्हणणं असं, की शेजाऱ्यानं बाग लावली ती अंदाजानं, आणि आता तिच्यात बैलजोडी वळत नाही. झाडं एका ओळीत आली पाहिजेत, उभी, आडवी आणि तिरपीसुद्धा. दादांनी पायाकडे बोट दाखवलं.

“पळायला आम्ही हावोत की,” शेतकरी म्हणाला. “तुम्ही बसल्या जागी बोट दाखवा, मोजणीदार साहेब.”

दादांनी नाही म्हटलं. तो आठ दिवसांनी पुन्हा आला. तिसऱ्या खेपेला दादांनी माझी वही मागून घेतली आणि तिच्या मागच्या पानावर त्याच्या रानाचा आकार काढला. कुठल्या बाजूला बांध वाकडा आहे तेही त्यांना अजून आठवत होतं.

शनिवारी शाळा अर्धी असे. मी दुपारी दादांबरोबर आगगाडीनं बदनापूरला जाऊ लागले. स्टेशनावर बैलगाडी आलेली असे. खात्याचं यंत्र तर परत गेलं होतं, म्हणून दादांनी एक लांब दोरी केली होती आणि तिला सारख्या अंतरावर बारा गाठी मारल्या होत्या. तिची टोकं जोडून तीन, चार आणि पाच भागांच्या तीन बाजूंत ती त्रिकोणी ताणली की एक कोपरा बरोबर काटकोनात येतो. हे मी शाळेत इंग्रजीतून शिकले होते, पण त्याचा उपयोग मोसंबीला होतो हे मला रानात कळलं. दादा बांधावर तिवईवर बसत, ताठ पाय समोर, डोक्यावर छत्री बांधलेली, आणि हातातल्या पांढऱ्या फडक्यानं दूरच्या माणसांना डावीकडे, उजवीकडे सरकवत. फडकं खाली आलं की तिथे खुंटी ठोकायची. मी शेजारी बसून खुंट्यांचे आकडे लिहायचे. मला बोलावं लागत नसे. संध्याकाळपर्यंत ओसाड रानात खुंट्यांच्या ओळी उभ्या राहायच्या, आणि दादा त्यांच्याकडे पाहत बसायचे, जेवायला बोलावलं तरी उठायचे नाहीत.

त्यांच्या कामाची कीर्ती फार मोठी नव्हती, पण एकाची बाग पाहून दुसरा यायचा. मिळायचं ते कधी रुपयांत, कधी ज्वारीच्या पोत्यात, एकदा तर दुभत्या शेळीत. दादा पुन्हा रोज दाढी करू लागले. आंघोळ करताना गुणगुणू लागले. आवाज चांगला नव्हता.

आईला हे सगळं आवडलं होतं आणि याचीच तिला भीती वाटत होती. दादा स्टेशनाकडे निघाले की ती दारात उभी राहून आधी गल्लीत कोण कोण आहे ते पाहायची. कोणी विचारलं तर सांगायची, मामांच्या गावाला गेलेत, हवापालट. तिचा हिशेब सरळ होता.

“वजीफा घरी बसल्याचा हाय,” ती म्हणायची. “बसलेलं माणूस उठलं की सरकार म्हणंल, मंग आम्ही कशाला देऊन राह्यलो?”

तिच्या म्हणण्याला पुरावाही होता. सडकेच्या कामावर हात गमावलेल्या एका माणसानं किराण्याचं दुकान टाकलं आणि त्याचा वजीफा बंद झाला, ही गोष्ट लिंबाच्या झाडाखालून सगळ्या जालन्यात पोचली होती. तो माणूस कोण, दुकान कुठे, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. दादा म्हणत, एकदा कचेरीत विचारून घेऊ. आई म्हणे, विचारलं की त्यांच्या ध्यानात येणार. हे तिचं एकटीचं मत नव्हतं. सगळे वजीफेवाले तेच मानत. नियम विचारायचा नाही. विचारणारा माणूस त्याच दिवशी डोळ्यात भरतो. म्हणून एवढ्या वर्षांत नियम काय आहे ते त्या झाडाखालच्या एकालाही माहीत नव्हतं.

काम सुरू झाल्यावर अशा दोन हाजिऱ्या गेल्या. दोन्ही वेळा दादांनी आठ दिवस दाढी वाढवली, हरकाऱ्याला तंबाखू दिली आणि ‘हालत बदस्तूर’च्या खाली सही केली. जुन्या पेशकाराला लांबचं दिसत नव्हतं आणि जवळचं पाहायची त्याची इच्छा नव्हती.

तिसऱ्या हाजिरीच्या आदल्या दिवशी दादा आईला म्हणाले की या वेळी मी खरं सांगणार आहे. त्यांना त्या कुबडीची लाज वाटू लागली होती. शनिवारी फडकं हलवून आठ माणसं चालवायची आणि सोमवारी काखेत चिंधी घेऊन वाकायचं, हे त्यांना जमेना. आईनं भाकरी थापली, चूल आवरली, आणि मग मला मागच्या दारी बोलावलं. मी त्यांच्याबरोबर जायचं, असं तिनं सांगितलं. ते काही भलतं बोलायला लागले की मी खोकायचं. मोठ्यानं खोकायचं, म्हणजे ते थांबतील. मी मान हलवली. मी सतरा वर्षांची होते, आणि आईला नाही म्हणायची मला सवय नव्हती. शिवाय मलाही भीती वाटत होती. शाळेचं शेवटचं वर्ष होतं.

सकाळी झाडाखाली ती कुबडी नेहमीसारखी पुढे आली आणि दादांनीही सवयीनं ती काखेत घेतली. तर अशी मी चौकटीला टेकून उभी होते.

पेशकार नवा होता. तरुण, चष्म्याची काच पुसून पुसून बोलणारा. त्यानं चपराशाला बाहेर पाठवलं. चपराशी परत आला तो हरकाऱ्याला आधार देत आणि चाचाला पुढे घालून. हरकाऱ्याला कुबडीशिवाय चालता येत नव्हतं, म्हणून त्यानं वाटेत माझ्या खांद्याला धरलं. चाचा मात्र सरळ चालत आला आणि दादांच्या काखेतली कुबडी पाहून म्हणाला, “अरे, मैं सबेरे से ढूँड रहा, ये इधर है क्या?”

पेशकार उठून आतल्या खोलीत गेला. तिथे तहसीलदार साहेब बसत. जुने, पांढऱ्या दाढीचे, हैदराबादहून बदलून आलेले गृहस्थ होते. आम्हा सगळ्यांना आत बोलावलं. पेशकारानं सगळं सांगितलं. सांगताना त्याच्या आवाजात चोर पकडल्याचा आनंद होता, पण त्यातही तो सारखा हरकाऱ्याला बसायला स्टूल दिलं का ते पाहत होता, हे मी पाहिलं.

साहेबांनी हरकाऱ्याला काही विचारलं नाही. चाचाला विचारलं तर त्यानं लगेच बूट काढून पाय दाखवला. मग ते दादांकडे वळले.

दादांनी कुबडी काखेतून काढून हरकाऱ्याच्या स्टुलाला टेकवली. मग सरळ उभे राहिले. ते किती उंच आहेत हे साहेबांना तेव्हा कळलं असावं, कारण त्यांना मान वर करावी लागली. दादा सरकारी उर्दूत बोलले. मी ते मराठीत लिहिते.

“साहेब, पाय वाकत नाही हे खरं आहे. कुबडी लागते हे खोटं आहे. आणि मी—”

मी खोकले. ठरवून नाही, आईचं सांगणं घशात तयार बसलेलं होतं, ते आपोआप बाहेर आलं. इतक्या मोठ्यानं, की चपराशानं माझ्यासाठी पाण्याचा तांब्या उचलला.

दादांनी माझ्याकडे वळून पाहिलंही नाही. “माझ्या मुलीला घरून खोकायला सांगून पाठवलंय, साहेब,” ते म्हणाले. “तिच्याकडे लक्ष देऊ नका. मी काम करतो. मोसंबीच्या बागा आखून देतो.”

साहेबांच्या दाढीत काहीतरी हललं. पेशकार म्हणाला की मग प्रश्नच मिटला, वजीफा बंद करायचा हुकूम लिहितो. चाचा खाली पाहू लागला. मी आईचा विचार करत होते. ती या वेळी दारात उभी असणार, गल्लीकडे बघत.

साहेब म्हणाले की हुकूम लिहायच्या आधी नियम पाहू. पेशकारानं नियम माहीत आहे असं म्हटलं. साहेबांनी कोणत्या पानावर ते विचारलं. पेशकार चष्मा पुसू लागला. मग कळलं की नियमांचं उर्दू पुस्तक बांधणीसाठी औरंगाबादला गेलं आहे, आणि कपाटात आहे ते इंग्रजी. इंग्रजी जाणणारा कारकून दिवाळीच्या रजेवर. पेशकाराला तारेपुरतं इंग्रजी येत होतं. साहेबांनी स्वतःबद्दल सांगितलं की त्यांचं इंग्रजी सहीपर्यंतच आहे. मग ते दादांना म्हणाले की तुमची मुलगी मिशनच्या शाळेत जाते ना. जालना लहान गाव आहे.

“बेटी, पढ़ के बताओ,” त्यांनी मला सांगितलं, आणि ते जाड तांबडं पुस्तक मेजावरून माझ्याकडे सरकवलं.

माझ्या आयुष्यात मी इंग्रजी खूप वाचलं होतं. कविता, राण्यांच्या गोष्टी, कधी न पाहिलेल्या फुलांची नावं. पण या जिल्ह्यातल्या, माझ्या ओळखीच्या माणसाचं ज्यात काही अडकलं आहे असं इंग्रजी मी पहिल्यांदाच हातात घेत होते. अनुक्रमणिकेतून मी जखमेच्या वजीफ्याचं प्रकरण काढलं. कागदाला कापराचा वास येत होता. एकेक वाक्य अर्धं अर्धं पान चाललेलं, ‘परंतु’ आणि ‘तथापि’ यांनी सांधत सांधत. मडम म्हणायच्या तसं मी आधी क्रियापद शोधलं, मग कर्ता. खोलीत सगळे थांबले होते. मला कोणी घाई केली नाही. मी तीनही कलमं मनात शेवटपर्यंत वाचली आणि मगच तोंड उघडलं.

पहिलं कलम मी मराठीत सांगितलं; साहेबांना मराठी कळत असे. जखमेचा वजीफा जखमेसाठी आहे. ज्याला तो मिळतो त्यानं खासगी काम केलं, शेती केली, दुकान टाकलं, तरी तेवढ्यावरून वजीफा कमी होत नाही आणि बंदही होत नाही.

पेशकार म्हणाला, पुन्हा सांगा. मी पुन्हा सांगितलं. चाचानं बूट घालायला सुरुवात केली.

दुसरं कलम सरकारी कामाचं होतं. वजीफेवाला पुन्हा सरकारी नोकरीत आला, तर नवा पगार आणि वजीफा मिळून त्याच्या जुन्या पगाराच्या वर जायला नको. जेवढं वर जाईल तेवढा वजीफा नोकरी असेपर्यंत राखून ठेवायचा. दादांनी विचारलं, म्हणजे नोकरी सुटली की वजीफा पुन्हा पूर्ण? मी पान पाहून हो म्हटलं. ते त्यांनी नुसतं समजून घेण्यासाठी विचारलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर नकाशा जुळल्यावर येतो तसा भाव होता. एवढ्यासाठी आम्ही दोन वर्षं गल्ली पाहून घराबाहेर पडत होतो.

साहेबांनी खुर्चीत पाठ टेकली. पेशकारानं लेखणी खाली ठेवली. सगळं संपल्यासारखंच झालं होतं. हरकारा तर कुबडी घेऊन उठायला लागला.

“और कुछ लिखा है, बेटी?” साहेबांनी विचारलं. त्यांनी ते सहज विचारलं होतं. मी पुस्तक मिटलं असतं तर त्यांनी पुढचा कागद ओढला असता.

तिसरं कलम माझ्या अंगठ्याखाली होतं. त्या खोलीत ते फक्त मला वाचता येत होतं. असं माझ्या बाबतीत कधी झालं नव्हतं. मी नेहमी कडेला असते, दुसरे बोलतात आणि मी पाहते. आणि आता माझ्या न बोलण्यानं आमचं काम होणार होतं, जे मला सर्वांत चांगलं जमतं. मला वाटलं, आईनं मला याचसाठी पाठवलं आहे. मला असंही वाटलं की मी गप्प बसले तर पुढच्या हाजिरीलाही गप्प बसावं लागेल, आणि आता कुबडी मी धरायची.

मी दादांकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत नव्हते. ते स्टुलापासून दारापर्यंतचं अंतर डोळ्यांनी मोजत होते, हरकाऱ्याला किती पावलं पडतील ते पाहत.

पुढे काय झालं ते आधीच लिहून टाकते. वजीफा चार महिने थांबला. त्या चार महिन्यांत दादांनी चार बागा आखल्या, त्यातली एक इतकी मोठी होती की खुंट्या संपल्या आणि तुरीच्या काठ्या तोडून वापराव्या लागल्या. माघात त्यांना औरंगाबादला मोठ्या डॉक्टरांकडे बोलावलं. डॉक्टरांनी गुडघा वाकवायचा प्रयत्न केला, तो वाकला नाही, त्यांनी तसं लिहून दिलं, आणि वजीफा मागच्या महिन्यांसकट परत सुरू झाला. शाळेची फी भरायला थोडा उशीर झाला, एवढंच. किराणा दुकानवाल्याचाही पत्ता लागला. तो वजीफेवाला खरा होता आणि दुकानही खरं होतं, पण दुकानाच्या नादात तो लागोपाठ दोन वर्षं हाजिरीलाच गेला नव्हता. चाचानं त्याला ओढत कचेरीत नेलं.

आई माझ्याशी तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी दादा स्टेशनाकडे निघाले तेव्हा ती दारात आली आणि गल्लीतल्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात तिनं विचारलं की आज कोणाची बाग आहे. तेव्हापासून ती रोज विचारते. उत्तर तिला आधीच ठाऊक असतं.

आता आजूर आला की दादा कोट घालतात. पेशकार वहीत पायाची हालत लिहितो आणि तिच्यासमोर कामाचं नावही लिहितो, आणि एक वर्ष तर त्यानं स्वतःच्या भावाच्या रानासाठी दादांना विचारलं. हाजिरीच्या आधी चाचा दोघा-तिघा वजीफेवाल्यांना आमच्या घरी घेऊन येतो. मी त्या तीन कलमांची मराठीत नक्कल करून ठेवली आहे. ती वाचून दाखवताना मला अजून संकोच वाटतो, आणि मी नजर कागदावरच ठेवते. पण तेवढं बोलणं मला जमतं, आणि ते झालं की आई सगळ्यांना चहा देते.

त्या दिवशी मात्र कागद नव्हता. पुस्तक उघडं होतं, साहेब उत्तराची वाट पाहत होते, आणि माझा आवाज मला परक्यासारखा ऐकू आला.

“आहे,” मी म्हणाले. “अजून एक कलम आहे. काम केलेलं चालतं, पण काय काम करतो ते दर हाजिरीला स्वतः होऊन सांगायचं. लपवलं तर डॉक्टर पुन्हा तपासेपर्यंत वजीफा थांबतो. आम्ही दोन हाजिऱ्या लपवलं, साहेब.”